मस्कतच्या हलव्याचं भांडं

परदेशातल्या गिऱ्हाइकाला कोणती भेट द्यावी, या विषयावर पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी केजला परतलो, तेव्हा माझं डोकं जरा हवेतच होतं. एसटीतून उतरताना काखेत निळी फाईल होती, तिच्यात प्रमाणपत्र होतं, आणि जगाशी व्यवहार कसा करायचा ते आता आपल्याला कळलं आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती फाईल आज कुठं आहे ते मला ठाऊक नाही. त्याच वर्षी ज्या बाईंनी मला तो विषय खरा शिकवला, त्या शाळेत चौथीपर्यंतच गेलेल्या होत्या. त्यांची आठवण आली की मला अजून आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते.

मी तेव्हा बायकांच्या एका सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होतो. केजहून धारूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची एक लांबलचक शेड, आत गर काढायची टेबलं, मागं गोठवणीची खोली, आणि वीज गेली की अर्ध्या शिवाराला ऐकू जाईल असा जनरेटर, एवढा आमचा संसार. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं आपली आपण येतात, त्यांना कुणी पाणी घालत नाही. भाद्रपदापासून दिवाळी उलटेपर्यंत बायका फळं गोळा करायच्या, हातानं बिया काढून गर वेगळा करायच्या, आणि तो गोठवून आम्ही मस्कतला पाठवायचो. तिथं त्याचं आइस्क्रीम व्हायचं. सीताफळ संपलं की चिंच. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, उरलेल्या गराच्या दाबून विटा बांधायच्या. तीही मस्कतलाच जायची. अशा रीतीनं छत्तीस बायकांना गुढीपाडव्यापर्यंत काम होतं.

हे काम म्हणजे काय होतं, ते बीड जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं दसरा झाला की गावं रिकामी होतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला साताऱ्या-सांगलीकडं, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. तान्ही मुलं उसाच्या सरीत झोपवायची, थोरल्या मुलीची शाळा सोडवून तिला त्यांच्यावर नजर ठेवायला बसवायची. आमच्या छत्तीसजणी यातून सुटल्या होत्या, त्या एका गिऱ्हाइकाच्या जोरावर. मस्कतच्या त्या शेठनी दुसरीकडून माल घ्यायचं ठरवलं असतं, तर छत्तीसच्या छत्तीस परत ट्रकमध्ये बसल्या असत्या. दुष्काळाच्या वर्षी तर दुसरं काही नव्हतंच.

संस्थेच्या अध्यक्षबाईंना सगळे आक्का म्हणत, मीही. पन्नाशीच्या, उंच, सावळ्या, आवाज मोठा. ऊसतोडीत वीस वर्षं काढलेली बाई. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याची जुनी खूण होती. सही करायच्या आधी कागदातला शब्द न् शब्द वाचायच्या, बोट फिरवत, ओठ हलवत. निबंधक कार्यालयातले साहेब घड्याळाकडं बघत बसत आणि या बसत वाचत. मला त्यांचा धाकही होता आणि थोडा रागही होता, कारण माझ्या पदवीचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नसे. मला त्या "सायब" म्हणायच्या, पण त्यात सायबापेक्षा थट्टाच जास्त असे.

आदल्या वर्षीचा शेवटचा माल पोचल्यावर शेठकडून संस्थेला एक पार्सल आलं होतं. त्यांच्याकडचा हलवा, तपकिरी, चिकट, तुपानं चकाकणारा, वर बदाम. तो एका चिनी मातीच्या भांड्यात होता. भांडं पांढरंशुभ्र, काठाला निळी नक्षी, सोनेरी रेघ, वर झाकण. हलवा छत्तीसजणींनी बोटाबोटानं चाटून संपवला. दुसऱ्या दिवशी आक्का भांडं राखेनं घासून, पुसून माझ्या टेबलावर घेऊन आल्या.

"हे परत कवा द्यायचं?"

मी हसलो. म्हटलं, "आक्का, ते परत द्यायचं नसतं. ती पॅकिंग आहे. शेठ असे पन्नास ठिकाणी पाठवत असतील."

"पन्नास ठिकानी पाठवू द्या. आपल्याकडं एक आलं. भांडं शेजाऱ्याचं हाय, ते परत जायाला पायजे. आन् रिकामं न्हाई जायाचं."

आमच्याकडं हा नियम लहान पोरालाही माहीत असतो. शेजारून वाटीत भाजी आली तर वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात, गुळाचा खडा घालतात. पण शेजार म्हणजे भिंतीपलीकडचं घर. मस्कतला समुद्र ओलांडून जावं लागतं, आणि तिथल्या व्यापारी कंपनीची हलव्याची पॅकिंग भरून परत पाठवणारी संस्था जगात आमचीच असेल, असं मी आक्कांना बऱ्यापैकी चढ्या आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भांडं फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

मग उन्हाळा गेला, मृग कोरडा गेला, आणि श्रावण आला तरी डोंगर तपकिरीच राहिला. संस्थेला पाणी टँकरनं यायचं. गावाबाहेर जनावरांची छावणी पडली होती. सीताफळ कणखर झाड, ते मरत नाही, पण त्या वर्षी फळ लिंबाएवढं होऊन अडलं होतं. चिंचेलाही मोहर विरळ. आक्का दोघीतिघींना घेऊन चार दिवस डोंगर फिरून आल्या आणि म्हणाल्या, "सायब, औंदा अर्धा माल हाय. अर्ध्याच्या वर एक किलो न्हाई."

नेमकी तेव्हाच शेठची भेट ठरली होती. वर्षाचा करार मस्कतला जाऊन करायचा, आणि जाणार मी. संचालक मंडळाची बैठक भरली ती शेठसाठी काय न्यायचं यावर. एकीनं शाल-नारळ सुचवला. दुसरी म्हणाली, फेटा न्या, बांधायचा कसा ते मी शिकवते. तिसरीनं परळीच्या वैजनाथाचा मोठा फोटो सुचवला, तेव्हा चौथी तिला म्हणाली, "अगं, ते मुसलमान हायत ना," आणि तिसरी म्हणाली, "मंग काय झालं, शंभू महादेव कुनाला न्हाई का म्हंतो?" मी कपाळाला हात लावला. निळी फाईल उघडून मी त्यांना समजावलं की हल्ली भेटवस्तू अशी देत नाहीत. ती टेबलावर ठेवता आली पाहिजे, तिच्यावर आपल्या संस्थेचं नाव दिसलं पाहिजे, म्हणजे साहेबाची नजर रोज आपल्या नावावर पडते. मी संभाजीनगरहून काचेचं एक जड घड्याळ करवून आणलं होतं, खाली संस्थेचं नाव इंग्रजीत कोरलेलं, मखमलीच्या डबीत. बायकांनी ते हातोहात फिरवून बघितलं. छान आहे म्हणाल्या.

आक्कांनी ते हातात घेतलं, खाली ठेवलं आणि कपाटातून ते भांडं काढलं.

"घड्याळ न्या तुमी. हेही न्यायचं हाय."

काय भरायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. प्रत्येकीनं घरून एक मूठ आणायची, जे असेल ते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये चादर अंथरली आणि एकेक बाई येऊन पदराची गाठ सोडत गेली. कारळ, जवस, तीळ, शेंगदाणे, लसणाच्या कुड्या, वाळकी मिरची. दोघींकडं काहीच नव्हतं. त्यातल्या एकीनं मिठाचे खडे आणले, दुसरीनं उखळ दिलं. मी असल्या गोष्टींनी सहसा हलत नाही, पण पाणी विकत घेणाऱ्या घरांतून आलेला तो मूठमूठ ढीग बघून मला उगाच बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. सगळं भाजून, कुटून कोरडी चटणी झाली. तिचा वास डोंगरापर्यंत गेला असेल.

चटणी भांड्यात भरली तर भांडं जेमतेम निम्मं झालं. मी म्हटलं, बाजारातून शेंगदाणे आणून कुटू, भांडं वरपर्यंत भरू, निम्मं भांडं बरं दिसत नाही. आणि पिशवी घेऊन निघालोही.

"थांबा," आक्का म्हणाल्या. "औंदा हे एवढंच निघालंय. हाय तेवढं जाऊ द्या. आन् शेठनला माल बी असाच सांगायचा, अर्धा म्हंजी अर्धा."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हिला काय कळतंय. आम्हाला पुण्यात शिकवलं होतं की समोरच्याला आपली कमजोरी पहिल्या बैठकीत दाखवू नये. आधी करार पदरात पाडून घ्यावा, अडचण आली की मग कळवावी.

मस्कतला शेठचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. शेठ साठीचे, पांढरा स्वच्छ पायघोळ अंगरखा, डोक्याला भरतकाम केलेली टोपी, बोलणं सावकाश. हिंदी उत्तम बोलत. माझी हिंदी अंबाजोगाईच्या गल्लीतली, 'हौ' आणि 'नक्को'वाली. ती ऐकून ते पहिल्याच मिनिटाला हसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला कॉफी ओतली. माणूस चांगला आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि कळूनही मी जे करायचं ठरवलं होतं तेच केलं.

भांडं मी हॉटेलातच ठेवून आलो होतो. सकाळी पिशवी उघडली तर खोलीभर लसणाचा भपकारा. असल्या वासाचं फडक्यात बांधलेलं, निम्मं रिकामं भांडं घेऊन मी शेठच्या ऑफिसातल्या गालिच्यावर चालत जाणार नव्हतो. मखमलीची डबी तेवढी घेतली होती. शेठनी ती उघडली, घड्याळ बाहेर काढलं, नाव वाचलं, मनापासून आभार मानले आणि मदतनिसाला खूण केली. त्यानं ते नेऊन मागच्या काचेच्या कपाटात ठेवलं. मी तिकडं बघितलं. कपाटात काचेची दहा-बारा घड्याळं एका ओळीत उभी होती. प्रत्येकाखाली कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव होतं, आणि प्रत्येकात वेगळे वाजले होते. आमचं शेवटून दुसरं.

मग शेठ म्हणाले, "तुमच्याकडं पाऊस झाला नाही असं ऐकतो. माल पुरा होईल ना?"

"पुरा होईल," मी म्हणालो.

"गेल्या वर्षीइतका?"

"हौ. तेवढाच."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. उद्या दुपारपर्यंत कळवतो म्हणाले. बाहेर पडलो तेव्हा व्हरांड्यात दुसऱ्या राज्यातला एक गर विकणारा माणूस बसला होता, मांडीवर मखमलीची डबी घेऊन.

संध्याकाळी मी ठरल्याप्रमाणे संस्थेच्या फोनवर फोन लावला. तिकडं आक्का वाट बघत बसल्या होत्या. करार झाला का हे त्यांनी विचारलंच नाही.

"भांडं पोचलं का?"

"पोचलं," मी म्हणालो.

"चव बगितली का त्येंनी?"

खोटं बोलायला थोडी तरी माहिती लागते. मी पुटपुटलो, "बघतील, घरी नेलंय."

"आन् अर्ध्या मालाचं सांगितलं?"

मी म्हणालो, की आक्का, आज सांगितलं असतं तर गिऱ्हाईक गेलं असतं, बाहेर दुसरा बसलेला आहे, छत्तीस बायकांचं पोट आहे, तुम्हाला या गोष्टी कळत नाहीत. बरंच बोललो. त्या ऐकत होत्या.

"सायब," त्या शेवटी म्हणाल्या, आणि या वेळी त्यात थट्टा नव्हती, "अर्धं बोलून अर्धं दिलं तर त्यो मानूस पुढल्या साली दारात घेईल. पुरं बोलून अर्धं दिलं तर कावून घेईल? एका सालाचा परश्न न्हाई. मला ह्या बायका पुना टरकात बशिवायच्या न्हाईत." आणि फोन ठेवला.

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच फडक्यातलं ते भांडं मांडीवर घेऊन मी चौथ्या मजल्यावरच्या बाकावर बसलो होतो. येणारा-जाणारा नाक वर करून वास घेत होता. वेळ ठरलेली नव्हती, तरी शेठनी मला आत बोलावलं.

मी भांडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. ते बघतच राहिले.

"हे तर आमचं आहे."

"आमच्या अध्यक्षबाईंनी परत पाठवलंय," मी म्हणालो. "आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं ठेवून घेत नाहीत. आणि रिकामं परत करत नाहीत."

शेठ खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले, की ते दरवर्षी कितीतरी देशांत अशी भांडी पाठवतात. त्यांच्या आईच्या घरीही शेजाऱ्याची थाळी रिकामी जात नसे. पण पाठवलेलं भांडं परत आलं असं आजवर एकदाही झालं नव्हतं. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. कारळ-मिरचीचं ते मिश्रण आमच्याकडच्या पाहुण्यालाही झेपत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी मदतनिसाला रोटी आणायला सांगितलं आणि आणखी एक चिमूट घेतली. मग भांड्यात डोकावून म्हणाले, "वाटेत सांडली का? निम्मंच आहे."

एवढं सोपं करून दिल्यावर सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. छत्तीस घरं, प्रत्येक घरची एक मूठ, दोन घरांत मूठही नव्हती. मी बाजारातून भर घालायला निघालो होतो ते आणि आक्कांनी थांबवलं ते. डोंगरावरचं लिंबाएवढं फळ. आणि काल मी पुरा माल म्हणालो ते खोटं होतं, तेही. हे शेवटचं बोलताना माझी नजर त्यांच्या मागच्या घड्याळांवर होती, कारण त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

रोटी आली, ती त्यांनी तोडून अर्धी मला दिली.

"तुम्ही काल हे भांडं आणलं असतंत," ते म्हणाले, "तर मला रात्रभर विचार करावा लागला नसता. पाऊस नाही हे मला माहीत होतं. पुरा माल येणार म्हणणाऱ्या माणसाबरोबर पुढं काम करायचं की नाही, एवढंच मी ठरवत होतो."

चमत्कार काही झाला नाही. त्यांनी त्या वर्षी आमच्याकडून अर्धाच माल घ्यायचं ठरवलं, उरलेला दुसरीकडून. पण करारात स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: पाऊस झाला की पुढच्या वर्षी पूर्ण माल पुन्हा आमच्याच संस्थेकडून. चिंचेचंही तसंच. भांडं त्यांनी कपाटात ठेवू दिलं नाही, घरी घेऊन गेले. मी परतीच्या विमानात बसलो तेव्हा मला आक्कांचं इतकं कौतुक वाटत होतं की शेजारच्या अनोळखी प्रवाशाला मी सगळी हकीकत दोनदा सांगितली. तो शेवटी झोपला.

केजला आल्यावर पहिल्यांदा मी आक्कांकडं जाऊन भांड्याबद्दलचं खोटं कबूल केलं. त्या हसल्या. "मला ठावं व्हतं. चव इचारली तवा तुमचा आवाजच बसलता." तो विषय त्यांनी तिथंच मिटवला. पुढं कधीही, चारचौघांत किंवा एकट्यात, त्यांनी तो काढला नाही. माझ्या हाती असा दुसऱ्याचा कच्चा दुवा लागला असता तर मी वर्षभर टोमणे मारले असते.

अर्धा माल म्हणजे अर्धं काम. वीसजणींना पुरेल एवढंच. सोळाजणींना ऊसतोडीला जावं लागणार होतं, आणि कोणत्या सोळा, ते ठरवायला शेडमध्ये सगळ्या जमल्या. मला वाटलं, रडारड होईल, भांडणं होतील. आक्कांनी एकेकीला उभं करून विचारलं. घरी कोण, पोरं केवढी, कुणाची मुलगी यंदा दहावीला. जिचं लेकरू अंगावर पितं ती राहणार, जिच्या मुलीचं परीक्षेचं वर्ष ती राहणार, जी आजारी ती राहणार. मी नावं लिहीत होतो. राहणाऱ्यांची नावं वीस झाली, त्यात आक्कांचं नाव मीच सगळ्यात वर घातलं होतं, कारण अध्यक्षाशिवाय संस्था कशी चालणार. तेवढ्यात मागं बसलेली एक पोर उठली. तिचं बाळंतपण होऊन दीड महिना झाला होता आणि ती लाजून आतापर्यंत बोललीच नव्हती.

आक्कांनी माझ्या हातातला कागद घेतला. बोट फिरवत, ओठ हलवत वाचला. मग पेन मागून सगळ्यात वरचं नाव खोडलं आणि त्या पोरीचं लिहिलं.

एका संचालकबाईनं हरकत घेतली. परदेशात माल पाठवणाऱ्या संस्थेची अध्यक्ष कोयता घेऊन उसाच्या फडात गेली, तर लोक काय म्हणतील?

"काय म्हनतील? ऊस तोडाया गेली म्हनतील. वीस साल तेच केलंय की. हिला तर कोयता धरता बी येत न्हाई."

दिवाळी झाल्यावर त्या नवऱ्याबरोबर गेल्या. ट्रक सुटायच्या आधी गोठवणीच्या खोलीचं तापमान रोज दोनदा लिहायची आठवण मला त्यांनी दोनदा करून दिली.

पौषात माल पाठवायची वेळ आली आणि कागदांवर अध्यक्षांची सही लागणार होती. मी एसटी बदलत बदलत, आक्का ऊसतोडीला होत्या त्या कृष्णाकाठच्या साखर कारखान्याच्या भागात गेलो. तोडणी मजुरांच्या राहण्याच्या, उसाच्या पाचटाच्या कोप्या होत्या, त्यांतून चौकशी करत फडात पोचलो. आक्का मोळी बांधत होत्या. हातांना, चेहऱ्याला उसाची कुसळं लागलेली, साडीवर पुरुषाचा जुना शर्ट. मला बघून त्यांनी मडक्यातल्या पाण्यानं हात धुतले, पुसले आणि मोळीवर बसून कागद वाचायला घेतले. शब्द न् शब्द. मुकादम ओरडत होता, ट्रॅक्टर भरायचा खोळंबला होता. त्यांनी त्याला हातानं थांब म्हटलं आणि वाचत राहिल्या. त्या दिवसाइतका आदर मला आयुष्यात फारच थोड्या माणसांबद्दल वाटला आहे.

सही झाल्यावर मी शेठचा फॅक्स काढला. पुढच्या महिन्यात ते मुंबईला येणार होते आणि तिथून केजला येऊन भांडं परत पाठवणाऱ्या अध्यक्षबाईंना भेटायची त्यांची इच्छा होती. मी चाचरत म्हणालो, की उत्तर कसं द्यावं? संस्थेच्या कामासाठी बाहेरगावी आहेत असं लिहू का? ते खोटंही होणार नाही.

"ऊस तोडाया गेलीय म्हून लिवा. औंदा काम अर्धं व्हतं, म्हून गेली. त्यात लपवायचं काय हाय, सायब?"

मी तिथंच, बांधावर बसून उत्तर लिहिलं आणि ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, कोयता उचलला आणि ओळीत जाऊन कामाला लागल्या.

शेठचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. दोनच ओळी होत्या. भेट पुढं ढकलली आहे. अध्यक्षबाई कामावरून घरी परततील तेव्हा मी येईन, दिवस त्यांनी सांगावा. शेडमध्ये वीसजणी चिंच फोडत बसल्या होत्या, तिथं उभा राहून मी तो कागद वाचून दाखवला. ती दीड महिन्याच्या बाळाची आई, आता तिचं बाळ चार महिन्यांचं होऊन शेजारच्या झोळीत झोपलेलं, हातातली चिंच खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, अजून एकडाव वाचा."